फोटोत न आलेला जिना

लातूरच्या आमच्या घरात दर्शनी भिंतीवर एक फोटो होता. त्यात मी माझ्या धाकट्या बहिणीला पाठकुळी घेतलं आहे. तिचे हात माझ्या गळ्याभोवती, माझी मान खाली, आणि तिची नजर सरळ कॅमेऱ्यात. तो एका स्थानिक पेपरात छापून आला होता. खाली भावाच्या मायेबद्दल दोन ओळी होत्या. कात्रणाला मी फ्रेम करून घेतली. पाहुणे यायचे, फोटो बघायचे, काही जण वाकून पाया पडायचे. मी "अहो, राहू द्या" म्हणायचो, पण पाय मागे घ्यायचो नाही.

आता आमच्या निवृत्त कर्मचाऱ्यांच्या मंडळाने माझा सत्कार ठरवला आहे. स्मरणिकेत तोच फोटो येणार आहे, आणि सोबत 'बहिणीची सेवा' या विषयावर मी चार पानं लिहून द्यावीत असं अध्यक्षांनी फोनवर सांगितलं. माझं वय एक्क्याऐंशी. चार पानं लिहायला माझी काही हरकत नाही. पण ती छापून आली की माझी बहीण कायमची एक असहाय बाई होऊन बसेल, भावाने जन्मभर वाहिलेली. ते खोटं आहे. ती आणि मी दोघंही हयात असताना ते दुरुस्त झालं पाहिजे, म्हणून जे घडलं तेच लिहितो.

बहीण निलंग्याच्या बाजूला एका खेड्यात दिली होती. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या पहाटे घराची दगडी भिंत तिच्या कमरेवर आली. नवरा त्यातच गेला. मूलबाळ नव्हतं. सोलापूरच्या दवाखान्यात तीन महिने काढून ती लातूरला माझ्याकडे आली तेव्हा तिचे पाय होते, पण कमरेखाली तिला काही कळत नव्हतं. तेव्हा ती चौतीस वर्षांची होती.

जखमींची नोंद करणारी माणसं घरी आली. मी त्यांना चहा दिला. एकाने विचारलं, "पेशंट कशीय आता?" आपल्याकडे दारात आलेल्या माणसाने कसं काय विचारलं की बरं आहे म्हणायचं असतं. पोटात आग पडलेली असली तरी बरंच असतं. मीही म्हणालो, "बरी हाय आता." त्याने तसंच लिहून घेतलं. आत पलंगावर बहीण ऐकत होती. ते लोक गेल्यावर ती म्हणाली, "दादा, बरी हाय म्हनलास. मंग चालून दाखवू का त्यांना?" मी सरकारी कचेरीत कारकून होतो. एका शब्दाने कागद कसा बदलतो हे मला तिच्यापेक्षा जास्त माहीत होतं. तरी माझ्या तोंडातून तेच निघालं.

पहिली दोन वर्षं ती खालच्या मजल्यावर होती, बाहेरच्या खोलीत. तिचं सगळं माझ्या बायकोने केलं. अंघोळ घालणं, कपडे बदलणं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणं. दवाखान्यातल्या एका नर्सबाईंकडून तिने लघवीची नळी कशी धुवायची तेही शिकून घेतलं. मी संध्याकाळी कचेरीतून येऊन "काय म्हणतेस?" विचारायचो. सेवेचा मान द्यायचाच तर त्याचा पहिला वाटा बायकोचा आहे, आणि ती आता नाही. हेही स्मरणिकेत आलं पाहिजे.

गल्लीतल्या सुताराने बहिणीला एक बुटका पाट करून दिला होता. त्याला खाली बेअरिंगची चाकं. दोन्ही हातांनी जमीन मागे ढकलत ती त्या पाटावरून फाटकापर्यंत जायची. तिथे कडुनिंबाखाली बायका डाळ निवडायला बसत. त्यांच्यात बसून ती त्यांची पत्रं वाचून द्यायची, त्यांच्या सासवांच्या नकला करायची. तिचं हसू मला कोपऱ्यावरच्या पानपट्टीपर्यंत ऐकू यायचं. भाजीवाली तिच्यासाठी थांबायची. "अक्का, आज मेथी न्हाई, उद्या आणते," असं रस्त्यातूनच ओरडायची.

मग लातूरला शिकवण्यांचं पीक आलं. नांदेड, परभणी, बीड, कुठून कुठून पोरं बारावीसाठी यायला लागली. आमच्या गल्लीत दर दुसऱ्या घरावर 'खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी लागली. लोक स्वतः वर राहायला गेले आणि खालचा मजला पोरांना दिला. मीही पाटी लावली. आमची खोली बघायला बिलोलीकडून एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. त्यांनी नळ बघितला, पंखा लावून बघितला, आणि फाटकाजवळ पाटावर बसलेल्या बहिणीकडे बघून मला बाजूला घेतलं.

"घर चांगलं हाय, गुरुजी," ते म्हणाले. मी गुरुजी नव्हतो, पण तेव्हा लातुरात प्रत्येक घरमालकाला गुरुजी म्हणायचे. "पण पेशंट हाय की तुमच्यात. पोराचं मन अभ्यासात लागाया पाहिजे. समोर दिवसभर असं दिसलं की..."

मी त्यांना "आम्ही वरच राहतो" असं सांगून टाकलं. तोवर वर आम्ही राहत नव्हतो. पुढच्या आठवड्यात राहायला लागलो.

बहिणीला मी सांगितलं, "वर हवा चांगली आहे."

"किती दिवस?"

"पोरांची बारावी होईपर्यंत."

तिने मान डोलावली. मी तिला पाठकुळी घेतलं आणि जिना चढलो. एकोणीस पायऱ्या, मध्ये एक वळण. चाकांचा पाट खालीच जिन्याखाली राहिला. वर गच्चीकडे जाताना उंबरे होते, तो तिथे चालला नसता. पोरांची बारावी झाली. पण बारावी दर वर्षी असते. एक पोरगं गेलं की दुसरं यायचं. बहीण सहा वर्षं वर राहिली.

त्या काळात ती खाली उतरायची ती माझ्या पाठीवरून. दवाखाना, मतदान, कुणाचं लग्न. मी ज्या दिवशी म्हणेन त्या दिवशी. ती म्हणायची, "दादा, सोमवारी जरा फाटकापाशी ने." मी म्हणायचो, "रविवारी बघू." रविवारी पाहुणे असायचे. गल्लीतले लोक मला बहिणीला घेऊन उतरताना बघायचे आणि म्हणायचे, "असा भाऊ पाहिजे." हे ऐकायला गोड लागायचं. तिला वर कुणी ठेवलं, हे कुणी विचारलं नाही आणि मीही काढलं नाही. मी तिला वाहत होतो ही गोष्ट खरी आहे. वाहावं लागत होतं कारण मीच तिला जिन्यावर नेऊन ठेवलं होतं, हीसुद्धा तितकीच खरी आहे.

ती मात्र गप्प बसणारी नव्हती. तिने खिडकीतून दोरीला एक टोपली बांधून सोडली. आधी त्यातून भाजी यायची. मग कागद यायला लागले. अपंगत्वाच्या दाखल्याचा फॉर्म तिने मला दोन वर्षं मागितला होता. माझ्या कचेरीपासून तो दहा मिनिटांवर मिळायचा. मी "आणतो, आणतो" म्हणत राहिलो. दाखला म्हणजे तिला चारचौघांत न्यायचं, आणि खालच्या पोरांच्या आईबापांना कळायचं की घरात पेशंट आहे. शेवटी तो फॉर्म भाजीवालीने आणला, मेथीच्या जुडीखाली घालून. बहिणीने स्वतःच्या अक्षरात भरला आणि माझ्यापुढे ठेवला. "बुधवारी डॉक्टरांचं मंडळ बसतंय. सुट्टी टाक."

बुधवारी आम्ही गेलो. दाखले देणारे डॉक्टर पहिल्या मजल्यावर बसले होते. खाली लांबच लांब रांग. काठ्या, कुबड्या, कुणी आईच्या कडेवर. शिपाई वरून ओरडला, "नंबर लागलाय, वर घ्या." मी सवयीने वाकलो. बहीण पाठीवर आली नाही.

"न्हाई जात मी वर," ती म्हणाली.

"अगं, नंबर जाईल."

"जाऊ दे. तू मला इथं पायरीवर ठेव." आणि मग मोठ्याने, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं, शिपायाला म्हणाली, "भाऊ, साहेबाला सांगा, पाय न्हाईत म्हणून दाखला मागाय लागले मी. जिना चढून वर आले तर दाखला कशापायी देतील? साहेबाचे पाय धड हायत, त्यांनी उतरावं."

रांगेत हशा पिकला. कुबडीवाला एक म्हातारा तिच्या शेजारी पायरीवर बसला. "मी बी न्हाई जात," म्हणाला. मग अजून दोघं बसले. शिपाई वर गेला, खाली आला, परत वर गेला. सरकारी नोकर होतो मी, कुणी ओळखीचं बघेल म्हणून भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. अर्ध्या तासाने डॉक्टर उतरले. कपाळाला आठ्या होत्या, पण उतरले. जिन्याच्या पायथ्याशी टेबल आलं, दोन खुर्च्या आल्या, आणि त्या दिवशीचं सगळं काम तिथेच झालं. डॉक्टर तिला म्हणाले, "आधी सांगायचं ना कुणीतरी." ती म्हणाली, "आज सांगितलं की."

पेपरचा एक बातमीदार भलत्याच कामाला तिथे आला होता. खरी बातमी होऊन गेल्यावर तो पोचला. मी बहिणीला रिक्षाकडे नेत होतो, तेवढा फोटो त्याने काढला. तो हा फोटो. ज्या बाईने डॉक्टरांना खाली उतरवलं तिचं नाव बातमीत नव्हतं. माझं होतं.

त्याच दुपारी घरी आलो. आमच्या जिन्यापाशी मी पुन्हा वाकलो. ती म्हणाली, "दादा, इथंच बसते मी." आमच्या खालच्या पायरीवर ती बसली. एवढंच बोलली, पुढे काही मागितलं नाही. खालच्या खोलीत पोरं वाचत होती, महिन्यावर परीक्षा होती. एका पोराने दार किलकिलं करून बघितलं. मी काय केलं ते लिहितो. मी तिला काही न विचारता उचललं आणि वर नेलं. ती विरोध करू शकत नव्हती. तिचे हात माझ्या गळ्याभोवती नव्हते, ते नुसते लोंबत होते. एकोणीस पायऱ्या मी तशा चढलो.

चार दिवसांनी पेपर आला. बायकोने वाचून दाखवला. बहिणीने फोटो हातात घेऊन बराच वेळ बघितला. "बरा आलाय," म्हणाली. "आपला जिना तेवढा न्हाई आला त्यात." मी हसलो. आणि फ्रेमवाल्याकडे गेलो.

पुढच्या पावसाळ्याआधी ती गेली. नांदेडला अपंगांसाठी राखीव टेलिफोन बूथ मिळत होता. त्यासाठीचा सगळा पत्रव्यवहार टोपलीतून झाला होता, मला पत्ता नव्हता. विष्णुपुरीच्या रस्त्याला, इंजिनिअरिंगच्या पोरांच्या वाटेवर, तळमजल्यावर एक गाळा आणि मागे एक खोली. मी म्हणालो, "एकटी कशी राहशील?" ती म्हणाली, "जमिनीवर राहीन." माझ्या बायकोने तिचं गाठोडं बांधलं आणि जिन्याखालून चाकांचा पाट काढून, पुसून, गाडीत ठेवला. मी तो सहा वर्षं विसरलो होतो. बायको विसरली नव्हती.

बूथचे दिवस संपले तेव्हा बहिणीने तिथेच झेरॉक्स मशीन घेतलं. मग कॉम्प्युटर. आज त्या भागात कुणाला अपंगांचं कार्ड काढायचं असो, निराधार योजनेचा अर्ज असो, घरी अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी चाकाची खुर्ची हवी असो, लोक तिच्याकडे येतात. ती आता चाकाच्या खुर्चीत असते. तिचे नियम आहेत. मूळ कागद कुणाला द्यायचा नाही. ज्याने 'उद्या या' म्हटलं त्याचं नाव विचारून तारखेसकट लिहून ठेवायचं. आणि तिसरा नियम ती प्रत्येकाला दरडावून सांगते, "कसं चाललंय विचारलं तर चांगला दिवस सांगायचा न्हाई. वाईट दिवस सांगायचा. बरं हाय म्हनलात की मेलात."

हा नियम कुणापासून शिकली ते मला माहीत आहे.

दोन वर्षांपूर्वी मी न्हाणीत घसरलो. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पण आधाराशिवाय उभं राहता येईना. बायको आधीच गेली होती. मुलगा पुण्याला चौथ्या मजल्यावर. तो मला न्यायला लातूरला आला, म्हणाला, "बाबा, तिकडे चला, लिफ्ट आहे." तेवढ्यात नांदेडहून एक जीप आली. पुढे ड्रायव्हर आणि शेजारी बहीण. तिने खिडकीतूनच मुलाला सांगितलं, "लिफ्ट बंद पडती. माझ्याकडं पायरीच न्हाई." मी तिच्याकडे राहायला आलो.

तिथे आल्यावर मला कळलं की घरी माणसाची देखभाल करायची म्हणजे काय काय जुळवावं लागतं. घरी येऊन व्यायाम करून घेणारा डॉक्टर, औषधांच्या वेळा, कमोडची खुर्ची, न्हाणीत भिंतीला दांडे, बँकेतून घरी येऊन हयातीची नोंद करून घेणारा माणूस. सगळं तिने फोनवरून केलं, खुर्ची न हलवता. सरकारी दवाखान्यातून एक बाई माझी तपासणी करायला घरी आल्या. त्यांनी विचारलं, "आजोबा, संडासला जाता येतं का?" मी म्हणालो, "येतं की. बरं हाय आता." बहिणीने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "दादा, परवाचं सांग." परवा मी वाटेतच बसलो होतो आणि माझं धोतर खराब झालं होतं. मी ते सांगितलं. लाज वाटली, पण सांगितलं. बाईंनी लिहून घेतलं. त्या कागदावर मला रोज सांभाळायला येणारा माणूस मंजूर झाला.

पण माणूस निवडायचा कसा, हे बघून मी गार झालो. दवाखान्याने पाठवलेला पहिला जण आला, धष्टपुष्ट. बहीण त्याला म्हणाली, "आधी मला खुर्चीतून पलंगावर ने." त्याने काखेत हात घातला आणि उचललं. तिने त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं. दुसऱ्याने "घाबरू नका मावशी" म्हणत पायाला धरलं. त्यालाही चहा. तिसरे आले ते पन्नाशी ओलांडलेले, शहरातले पिंजारी घराण्यातले, वीस वर्षं वॉर्डात काम केलेले. ते तिच्यापुढे उकिडवे बसले आणि म्हणाले, "आपा, तुमकू कैसा उठाऊं? आदत क्या है तुम्हारी?"

बहीण म्हणाली, "हे आपले."

ते गेल्यावर मी विचारलं, "बाकीच्यांचं काय चुकलं? जोर तर त्यांच्यातच जास्त होता."

"जोर तुझ्यात बी लई होता दादा," ती म्हणाली. "कसं उचलू, एवढं इचारायचं असतं."

मी हिशोब लावत बसलो. सहा वर्षं, एकोणीस पायऱ्या. किती वेळा वर, किती वेळा खाली. एकदाही विचारलं नव्हतं. माझ्या खांद्याचं हाड तिला टोचतं का, गळ्यापेक्षा खांद्याला धरणं तिला सोपं आहे का, तिला मुळात यायचं आहे का. त्या दिवशी मी तिला जे बोललो ते इथे लिहितो, कारण तेच या लिखाणाचं मूळ आहे. मी म्हणालो, "तुला वर नेलं ते पोरांच्या बापासाठी नेलं. हवा चांगली म्हणून नाही. चुकलं माझं." ती कुणाचा तरी फॉर्म तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "माहीत हाय मला. हवा वर चांगली असती तर तू पोरांनाच वर नसतं ठेवलं?" मग थोड्या वेळाने, "मला सांगून काय करतोस. फोटो बघून जे पाया पडले त्यांना सांग."

म्हणून हे लिहिलं. काल तिला वाचून दाखवलं. तिने मध्ये एकदाच थांबवलं. "सहा वर्षं न्हाई. सहा वर्षं आन् दोन महिने." मी दुरुस्त करतो: सहा वर्षं आणि दोन महिने.

आज सकाळी अध्यक्षांचा फोन आला. सत्कार लातूरलाच आहे, मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये. "ताईंनाही आणा," ते म्हणाले, "काळजी करू नका. चार पोरं तयार ठेवलीत. खुर्चीसकट दोघांना उचलून वर नेतील. फोटो पण झकास येईल."

बहीण ऐकत होती. तिने काही खूण केली नाही. बघू तरी हा काय म्हणतो, अशा चेहऱ्याने बसली होती.

"तसं जमणार नाही," मी म्हणालो. "कार्यक्रम खाली अंगणात घ्या. मांडव टाका."

"अहो, सगळं ठरलंय, पत्रिका छापल्यात..."

"मग सत्कार दुसऱ्या कुणाचा करा. आणि खाली घेतलात तर शाल तिला द्या, डॉक्टरांना तिने खाली आणलं होतं. माझी चार पानं आज पाठवतो. ती वाचून मग ठरवा."

मग ते म्हणाले, "मांडववाल्याला विचारून सांगतो."

मी फोन ठेवला. बहीण म्हणाली, "इचारून सांगतो म्हनले ना? नाव आन् तारीख लिहून ठेव."

मी लिहून ठेवलं.